भाच्याचं कर्ज, मामाची रिंगटोन

कर्ज काढलं भाच्याने आणि फोन येतात मला. वसुलीच्या धंद्याचा पहिला नियमच हा दिसतो: ज्याने पैसे घेतले त्याचा फोन बंद असतो आणि ज्याने घेतले नाहीत तो पहिल्या रिंगला उचलतो. मी पहिल्या रिंगला उचलणाऱ्यांपैकी. अख्खी नोकरी न्हावा-शेवा बंदरात, टेबलावरच्या फोनशेजारी बसून काढली. फोन वाजला आणि आपण उचलला नाही, तर एखादा कंटेनर आपल्यामुळे भलत्याच देशात जाईल, ही भीती निवृत्तीनंतरही गेलेली नाही.

पहिला फोन आला तो असा.

"हॅलो, ‘मामा चिरनेर पैसे’ बोलतायत का?"

"कोण?"

"‘मामा चिरनेर पैसे’. माझ्या स्क्रीनवर हेच नाव आहे, सर."

भाच्याने कुठल्याशा अ‍ॅपवरून मोबाइलसाठी कर्ज घेतलं होतं. मोबाइल हातात आल्यावर त्याचे हप्ते भरायला, त्याच मोबाइलवरून, दुसऱ्या अ‍ॅपचं दुसरं कर्ज घेतलं. अ‍ॅपने विचारलं, तुमचे कॉन्टॅक्ट बघू का? भाच्याने ‘अलाऊ’ दाबलं. या मुलाने आयुष्यात कुणाला एका फटक्यात हो म्हटलं असेल तर ते एवढ्या एकदाच. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने गिऱ्हाइकाचे कॉन्टॅक्ट, फोटो, कॉलच्या नोंदी उघडून बघायच्या नाहीत, असा नियम रिझर्व्ह बँकेने 2022 च्या सप्टेंबरमध्येच केलेला आहे. पण या अ‍ॅपला नियम वाचता येत नव्हते, कॉन्टॅक्ट तेवढे वाचता येत होते.

त्याने ते वाचले आणि घराघरांत स्फोट झाले. भाच्याच्या फोनमध्ये त्याचे वडील ‘पप्पा नको उचलू’ या नावाने नांदत होते. एक चुलते ‘काका फुकट सल्ला’ होते. खात्यात असलेले एक नातेवाईक ‘बंदोबस्त’ म्हणून सेव्ह होते. "पैसे भरले नाहीत तर घरी पोलीस पाठवू," असा दम त्यांना मिळाला तेव्हा ते गणवेशात ठाण्यातच बसले होते. "कुठल्या ठाण्याचे पाठवताय? आमच्याकडे आज माणसं कमी आहेत," असं त्यांनी विचारलं म्हणतात.

पण खरा कहर केला तो ‘प्लंबर नवीन पनवेल’ने. वसुलीवाला माझ्या बहिणीला म्हणाला, "मॅडम, आम्ही तुमच्या प्लंबरलाही फोन केला होता. त्या म्हणाल्या, आमचं ब्रेकअप झालंय, पैशांचं त्याच्या आईला विचारा." बहीण कधीची स्वयंपाकघरातला नळ गळतोय म्हणून पोराच्या मागे लागली होती आणि तो रोज रात्री गच्चीवरून खाली येऊन सांगायचा, "प्लंबरशी बोलतोय." खोटं बोलत नव्हता बिचारा.

अशा फोनला वेळेचं बंधन असतं, हे मला एका जुन्या सहकाऱ्याने सांगितलं. 2022 च्याच ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना आणि वित्त कंपन्यांना बजावलं की थकलेल्या कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. शिव्या नाहीत, धमक्या नाहीत. कर्जदाराच्या घरच्यांना, मित्रांना, ज्यांची नावं संदर्भाला दिली त्यांना छळायचं नाही. हे ऐकून माझ्या अंगात असं काही बळ आलं की आयुष्यात प्रथमच मी वसुलीच्या फोनची वाट बघत बसलो. सात वाजून दहा मिनिटांनी तो वाजला.

"सात वाजून गेलेत. नियमाने आता तुम्हाला फोन करता येत नाही."

"सर, हा वसुलीचा कॉल नाहीये. आठवणीचा आहे."

"कसली आठवण?"

"वसुलीची."

मी "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला. नियम करणारे हुशार असतात हे खरं, पण त्यांना वर्षातून एखादाच नियम करावा लागतो. मोडणाऱ्याचा रोजचा रियाज असतो.

मग कुणीतरी म्हणालं, ‘डीएनडी’ टाका. 1909 वर मेसेज पाठवला. काही दिवसांत फोन खरंच बंद झाले, पण प्लॉटवाल्यांचे. अटल सेतू झाला, विमानतळ झाला, तेव्हापासून आमच्याकडे कोंबडा आरवायच्या आत प्लॉटचा फोन येतो. एका मुलीने मला ‘निसर्गाच्या कुशीत’ला एक तुकडा विकायला काढला होता. नकाशा मागवून बघितला तर माझ्या चुलत्याचं भाताचं खाचर! चुलत्याला विचारलं. तो म्हणाला, "काय भाव सांगते? मलाही कळव." असले करमणुकीचे फोन डीएनडीने बंद केले आणि वसुलीचे चालू ठेवले, कारण ते जाहिरातीत मोडत नाहीत. काहीतरी द्यायला येणारे गेले, न्यायला येणारे राहिले.

नंबर ब्लॉक करायचाही उद्योग करून पाहिला. एक बंद केला की दुसऱ्यावरून, दुसरा बंद केला की तिसऱ्यावरून. शेवटी हाताला इतकी सवय लागली की त्या ओघात गॅसवालाही ब्लॉक झाला आणि सिलिंडर येईपर्यंत चुलीवर स्वयंपाक झाला. आई एकटी खूश होती. तिच्या मते वसुलीवाल्यांनी केलेलं हे पहिलं चांगलं काम.

एरवी रिकाम्या वेळात इतिहास वाचायची मला खोड आहे आणि संकटात ती वाढते. थोरल्या बाजीरावाने धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रात अशी तक्रार आहे की देणेकऱ्यांनी मला नरकात घातलंय, सावकारांच्या पाया पडून पडून कपाळाची सालं निघाली. दिल्लीच्या वेशीपर्यंत धडक मारणारा हा माणूस सावकार दिसला की वाकत होता. मला फार बरं वाटलं. पुढची गंमत अशी की हे स्वामी स्वतःही पेशव्याला कर्ज देणाऱ्यांपैकीच. म्हणजे बाजीरावाने सावकारांची तक्रार सावकाराकडेच केली. तक्रार निवारणाची ही पद्धत आपल्याकडे अजून बदललेली नाही. त्याचा अनुभव पुढे येतोच.

त्या काळी धरणं धरायची रीत होती. देणं वसूल करणारा कर्जदाराच्या दारात उपाशी बसायचा आणि तो उठेपर्यंत घरातल्यांनीही घास घ्यायचा नाही. क्रूर प्रकार, पण त्यात मागणाऱ्याच्याही पोटात कावळे ओरडायचे. आजचा मागणारा कुठेतरी एसीत बसून, जेवूनखाऊन, आपला हात बोंबलाच्या कालवणात असताना फोन लावतो. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातली कर्जखतं बाहेर ओढून पेटवली. दंगा पसरला आणि 1879 मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. आता खत म्हणजे मोबाइलमधला एक ‘आय अ‍ॅग्री’. तो जाळायचा तर मोबाइलच जाळायला हवा, आणि त्याचेही हप्ते बाकी.

एके दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर कोर्टाची नोटीस आली. वर राजमुद्रा, खाली शिक्का, मध्ये ‘मामा चिरनेर पैसे यांस’. बायको म्हणाली, "हे बोगस आहे. 1930 ला फोन लावा." सायबर फसवणुकीच्या मदतीचा तो राष्ट्रीय क्रमांक. माजघरातून आईने ऐकलं आणि विचारलं, "1930 ला? तवा फोन कुठं व्हते रं?"

चिरनेरमध्ये हा आकडा कुणाला पाठ करावा लागत नाही. 25 सप्टेंबर 1930 ला अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, आजूबाजूच्या गावांचे मिळून आठ जण हुतात्मे झाले. आमच्या भागात मूल शंभरापर्यंत आकडे शिकायच्या आधी 1930 शिकतं. बंदुकीसमोर कोयते घेऊन उभं राहिलेल्या लोकांच्या गावात जन्म घेऊन मी एका पोरसवदा आवाजाला भिऊन फोन उशीखाली ठेवत होतो. आईने हे बोलून दाखवलं नाही. तिने फक्त स्मारकाच्या दिशेने एकदा बघितलं.

1930 वर ताईंनी विचारलं, "पैसे गेलेत का?" मी म्हटलं, "नाही, अजून मागतायत." ताई म्हणाल्या, मग संशयास्पद फोन-मेसेजची तक्रार ‘संचार साथी’च्या ‘चक्षू’वर टाका. ही सोय मार्च 2024 पासून आहे. टाकली. त्या नोटिशीचा नंबर बंद पडला आणि मी बायकोसमोर विजयी मुद्रेने चहा प्यालो. चहा संपायच्या आत दुसऱ्या नंबरवरून फोन.

"सर, आता आमचा माणूस घरी येईल."

माणूस निघाला आणि चिर्ल्याला गेला. अटल सेतू उतरतो ते चिर्ले. चिरनेर वेगळं. पण फोनवरच्या मंडळींना हा फरक पटवणं मला कधीच जमलं नाही. "सर, पत्त्यात पनवेल आहे." "तालुका उरण आहे हो." "सर, तुम्ही पत्ता लपवताय." चिर्ल्यात मी सापडलो नाही म्हणून माझ्या नावापुढे ‘फरार’ लिहिलं गेलं. मी त्या वेळी ओटीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होतो.

शेवटी तो आला. महागणपतीच्या देवळापाशी उतरला, कुंभारवाड्यात पत्ता विचारला, आणि तिथल्या मंडळींनी नुसता पत्ता सांगितला नाही, निम्मी आळी त्याला आमच्या दारापर्यंत पोचवायला आली. कर्ज कुणाचं, किती, कधीपासून, हे दाराशी येईपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ झालं होतं. एकाने तर व्याजाचा हिशेबही तपासून दिला.

पंचविशीचा पोरगा. उन्हाने काळवंडलेला. मी ठरवलं होतं त्याप्रमाणे कठोर आवाजात म्हणालो, "ओळखपत्र दाखवा. कंपनीचं पत्र दाखवा. 2008 पासूनचा नियम आहे." त्याने दोन्ही काढून दिलं. ते आईने माझ्या हातातून घेतलं, चष्मा लावला आणि म्हणाली, "फोटूत अंगाने बरा व्हतास. खात नाय का? कंचा गाव तुजा?"

तो जालन्याकडचा. बाप शेतकरी. दोन बहिणी. लग्न व्हायचंय. कर्जदाराकडून माहिती काढायचं प्रशिक्षण म्हणे त्याला दिलेलं होतं, पण आईसमोर त्याचीच कुंडली पाच मिनिटांत बाहेर आली. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याचं कालवण पुढ्यात आलं. तो जेवत असताना त्याचा फोन वाजला. त्याने नंबर बघून फोन पालथा घातला. परत वाजला. परत पालथा.

"घरून असेल, उचल," मी म्हटलं.

"नाही काका. बाइकच्या हप्त्याचा आहे. मी ओळखतो हा नंबर, आमच्याच ऑफिसचा."

त्याच्या बापाला म्हणे त्याचेच सहकारी फोन करतात. अशा माणसाकडून काही शिकायचं राहू नये म्हणून मी विचारलं, "हे फोन थांबवायचे कसे?"

तो भाकरीचा तुकडा मोडत शांतपणे म्हणाला, "काका, खरं सांगू? तुमच्या नावापुढे आमच्याकडे ‘सॉफ्ट’ लिहिलंय. पहिल्या रिंगला उचलतात. शिव्या देत नाहीत. फोन ठेवताना ‘सॉरी’ म्हणतात. असा माणूस कोण सोडेल? आम्हाला दिवसाला इतके कॉल करायचे असतात. बाकीचे उचलत नाहीत, मग आम्ही आकडा पुरा करायला तुम्हाला करतो."

म्हणजे मी कर्जदार नव्हतोच, मी त्यांचा कोटा होतो.

जाताना तो एक कामाची गोष्ट सांगून गेला: कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. 12 नोव्हेंबर 2021 पासून सगळ्यांसाठी एकच योजना आहे, 14448 वर माहिती मिळते. मी त्याच रात्री सविस्तर पत्र लिहिलं. बंदरातली भाषा, ‘उपरोक्त विषयान्वये’ वगैरे. उत्तराऐवजी फोन आला. गोड आवाज.

"सर, तुमचा ग्राहक क्रमांक?"

"मी ग्राहक नाही. तीच तर तक्रार आहे."

"सर, तक्रार फक्त ग्राहकाला करता येते."

"मग तुम्ही फोन कुणाला करता?"

"सर, फोन आम्ही कुणालाही करू शकतो."

बाजीरावाने धावडशीचं उत्तर वाचून काय केलं असेल, याची मला तेव्हा कल्पना आली.

तर तक्रार भाच्याने करायला हवी. भाच्याला फोन लावला. उचलला नाही. सकाळी लावला, दुपारी लावला, दुसऱ्या नंबरवरून लावला. आवाज बदलून त्याच्या मित्राला लावला. "तो सोमवारी नक्की बोलेल," मित्र म्हणाला. "मागच्या सोमवारीही हेच सांगितलं होतंत," हे वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि बायकोने माझ्याकडे वळून बघितलं. नंतर कळलं की भाच्याने माझा नंबर कधीच ब्लॉक केला होता. त्याला वाटलं, मी वसुलीवाला आहे. त्याचं फार चुकलं असंही नाही.

अखेर बहिणीने भिशी उचलून दोन्ही कर्जं फेडली आणि ‘थकबाकी नाही’ असं पत्र हट्टाने लेखी घेतलं. सगळ्या प्रकरणात अक्कल वापरली ती तिने एकटीने. फोन थांबले. नळही दुरुस्त झाला. पुरुष प्लंबर होता, बहिणीने आधी खात्री करून घेतली.

मला मात्र त्या पोराचं वाक्य सोडेना. कुणाचे कोण कुठले पैसे, पण तो जालन्याहून इथे येऊन उन्हातान्हात मागत होता. आणि माझे स्वतःचे पाच हजार शेजाऱ्यांकडे अडकलेत. शाडू आणायला म्हणून नेले होते, त्याला दोन गणपती होऊन गेले. मी मागायला जातो. जाऊन म्हणतो, यंदा पाऊस बरा आहे. मग त्यांच्या गुडघ्याची चौकशी करतो. ते चहा देतात, मी पितो, निघताना ते दारापर्यंत येतात आणि म्हणतात, "काही काम होतं का?" मी म्हणतो, "छे, छे, सहजच." घरी आल्यावर बायको नुसती भुवई उडवते. एकदा धीर करून मी त्या पोरालाच फोन केला: कमिशन घे, पण एवढे वसूल करून दे. तो म्हणाला, "काका, समोरचा कसा आहे?" मी म्हटलं, "फोन उचलत नाही, पण भेटला की चहा पाजतो." तो म्हणाला, "मग नाही जमणार. असल्या केसेस आम्ही रिकव्हरीत धरतच नाही."

शेजाऱ्यांचं नाव इथे लिहिणं सभ्यपणाचं होणार नाही. लिहायची गरजही नाही, कारण हा अंक त्यांच्यापर्यंत पोचणारच. दरवेळी ते तो माझ्याकडूनच वाचायला नेतात. तेव्हा वाचून झाला असेल तर अंक आणि पाच हजार दोन्ही परत करावेत, ही नम्र विनंती. व्याज नको. सकाळी आठ ते संध्याकाळी सात मी घरीच असतो. चहा या वेळी आमच्याकडे.